सरकून बसा

घनश्यामने खांद्यावरची गुंडाळी सोडली तेव्हा आतून गोणपाटाचे दोन बोरे निघाले. घरी ते एकात एक गुंडाळूनच ठेवलेले असत, तो तसेच उचलून घेऊन आला होता. उघडतानाही हात थांबला नाही. एक बोरा पसरला, त्याच्या डाव्या अंगाला दुसरा पसरला, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

तोवर आजूबाजूच्यांनी पाहिलं होतं. आता तो उचलणं जास्तच वाईट दिसलं असतं. घनश्याम आपल्या बोऱ्यावर बसला आणि मंचाकडे पाहू लागला.

सिहोऱ्याच्या मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, खंजरी भजनाची स्पर्धा राइस मिलच्या गोदामात होई. नवा धान अजून यायचा होता, म्हणून गोदाम रिकामं होतं. आवाज घुमू नये म्हणून टिनाच्या भिंतींवर आतून बारदाना टांगला होता. खाली तणीस, धानाचा पेंढा, पसरली होती. तीन-चारशे माणसं मावतील एवढी जागा, पण मंडईच्या दुपारी त्याहून जास्त येत. घनश्याम बसला होता तो धान मोजायच्या काट्याचा ओटा. वीतभरच उंच, पण तिथून पुढच्यांच्या डोक्यांवरून मंच दिसतो आणि भोंगा थेट कानात ओरडत नाही. ही जागा त्याच्या बायकोने, उषाबाईने शोधली होती. मागच्या मंडईला ती होती.

एक भजन ऐकायचं आणि उठायचं, असं त्याने घरून निघतानाच ठरवलं होतं. गोड लागलं तर पुढेही यायचं. नाही तर हे कायमचं बंद.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचा परसराम लोकांना गुडघ्याने ढोसत रांगांमधून फिरत होता.

"सरकून बसा जी, सरकून बसा. दारात लोकं उभे आहेत. ओ विनोद, पाय काहून पसरले बे? सासऱ्याच्या घरी आला का?"

"सासरा तं बसूही देत नाही," विनोद म्हणाला. लोक हसले आणि सरकले.

परसराम ओट्यापाशी आला. रिकाम्या बोऱ्याकडे त्याचं लक्ष गेलं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"तुमी बसा घनश्यामभाऊ. आरामात बसा."

आणि तो पुढे गेला.

सगळं गोदाम खांद्याला खांदा लावून बसलं होतं. घनश्यामच्या उजवीकडे मंगरू होता, पण हातभर अंतर ठेवून. रिकाम्या बोऱ्याच्या पलीकडे शकुनबाई होती, तीही पाय पोटाशी घेऊन. वर्षभर असंच चाललं होतं. तो टपरीवर गेला की बाकडं रिकामं होई. गप्पा चालू असल्या तर थांबत. थट्टा कोणी करत नसे.

पहिल्या मंडळाने भजन म्हटलं. गाणारा चांगला होता, खंजरीवरचा हातही बसलेला होता. ते घनश्यामला कळत होतं. पण गुडघ्यावरचा त्याचा हात हलला नाही. भजन संपलं. त्याने रिकामा बोरा गुंडाळायला त्याचं टोक धरलं.

"बाबाजी, या बोऱ्यावर कोण आहे?"

पंचविशीची एक बाई पिशवी छातीशी धरून ओट्याला टेकून उभी होती. गर्दीतून वाट काढताना तिचा पदर पार चुरगळला होता.

शकुनबाईने तिचा हात धरला. "येथं नोको बसू माय. थे उषाबाईची जागा आहे."

"मंग थे येऊन राहिली का?"

शकुनबाईने तिचा हात सोडला. मंगरू मंचावरच्या रिकाम्या माइककडे पाहू लागला. पुढच्या रांगेतली दोन डोकी मागे वळली आणि पुन्हा पुढे झाली.

"तसं नाही जी," ती बाई म्हणाली. "आता आमच्या आंबागडच्या बायांचा नंबर आहे. माही सासू खंजरी वाजवते. तिचं बोलणं तं घरी रोजच आहे. गाते कशी, थे पाहाले आली मी. मांगून काहीच दिसत नाही."

घनश्यामने धरलेलं टोक सोडलं.

"थे नाही येत," तो म्हणाला. "बस."

ती बसली. पिशवी मांडीवर घेतली, मग खाली ठेवली, मग पुन्हा मांडीवर घेतली. मंचावर आंबागडच्या बाया पेटीभोवती बसत होत्या. तिने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मग तिचं कोपर घनश्यामच्या बरगडीत बसलं.

"सरका ना बाबाजी. बुढी खांबाआड लपून राहिली."

घनश्यामने तिच्याकडे पाहिलं. ती मंचाकडेच पाहत होती.

तो सरकला. त्याचा खांदा मंगरूला लागला. मंगरू दचकला, आणि तोही सरकला. त्याच्या पलीकडचा सरकला, त्याच्याही पलीकडचा. रांगेच्या शेवटी, दारात काठीच्या आधाराने उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याला टेकण्यापुरती जागा झाली.

खंजरी वाजली. शालीतली जाड बाई डोळे मिटून वरच्या सुरात शिरली.

"अगो माय," शेजारची बाई म्हणाली. "हे तं घरी कधी अशी नाही बोलत."

शकुनबाईला हसू आवरेना. घनश्यामची बोटं गुडघ्यावर पडत होती. पडता पडता एक ठेका चुकला, त्याने तो पुढच्या फेरीत सांभाळून घेतला.

ती बाई आता जवळजवळ त्याच्या बोऱ्यावर आली होती.

"पुढच्या मंडईले जरा मोठे बोरे आणजा, बाबाजी," मंचावरची नजर न काढता ती म्हणाली.

"आणतो," घनश्याम म्हणाला. "आता आयकू दे."