सतरा नंबरचा पोर्ट

मशीन जोडलं की नेटवर्कच्या स्विचवरचा दिवा एकदा हिरवा व्हायचा आणि लगेच विझायचा. सकाळपासून सातव्यांदा.

तिनं केबल दोनदा बदलली होती. भिंतीतलं सॉकेट उघडून पुन्हा बसवलं होतं. लॅबच्या मॅडम मागे हाताची घडी घालून उभ्या होत्या. रक्त तपासायचं जुनं मशीन कालच उचलून नेलं होतं आणि हे नवं, सर्व्हरवरून पेशंटची नोंद मिळाल्याशिवाय नमुना आत घ्यायलाच तयार नव्हतं. वर ऑपरेशन थिएटरमध्ये एक बाई उपाशीपोटी पडून होती. तिथल्या सिस्टरचा तिसरा फोन येऊन गेला होता. मशीनला खोली पसंत पडलेली दिसत नाही, असं लॅबमधला टेक्निशियन म्हणाला. कोणी हसलं नाही.

खोली तिच्या बाबांची होती. बावीस वर्षं या हॉस्पिटलचं सगळं नेटवर्क त्यांनी इथेच टेबलापाशी बसून सांभाळलं. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले आणि त्यांचं टेबल हलवून इथे लॅबचं मशीन आलं. त्यांच्या जागी अजून कोणी नेमलं नव्हतं. मुलगी दुसऱ्या शहरात हेच काम करते आणि घर आवरायला आली आहे, एवढं कळल्यावर तिलाच बोलावलं होतं.

"तुमच्या बाबांचं सगळं डोक्यात असायचं," मॅडम म्हणाल्या. "कागदावर एक अक्षर नाही. आता आम्ही कुणाला विचारायचं?"

घरीही हेच चाललं होतं. कुठली किल्ली कुठल्या कपाटाची, हे शोधता शोधता तिच्या नाकी नऊ आले होते. एक ओळ लिहून ठेवली असती तर काय बिघडलं असतं, हे ती तीन आठवडे मनातल्या मनात त्यांना विचारत होती.

शेवटी तिनं लॅपटॉप जोडला आणि स्विचमधली पत्त्यांची यादी उघडली. कुठल्या तारेवरून कोण बोललं, ते ऐकून स्विच प्रत्येक मशीनचा जन्मजात पत्ता आपला आपण टिपून घेतो. एखादं मशीन पाच मिनिटं गप्प राहिलं की त्याचा पत्ता पुसून टाकतो. पण माणसानं हातानं लिहिलेला पत्ता माणसानंच काढावा लागतो.

यादीत हातानं लिहिलेला पत्ता एकच होता. सतरा नंबरच्या पोर्टवर, म्हणजे याच खोलीतल्या सॉकेटवर. हा पोर्ट त्या एका मशीनसाठी राखून ठेवलेला होता. दुसरं कोणी तिथे तोंड उघडलं की पोर्ट बंद. समोर टीप नाही, नाव नाही.

"कोणाचं आहे ते?" मॅडमनी विचारलं.

कोणाचं ते कुठेच लिहिलेलं नाही, असं ती वैतागून सांगणार होती. तेवढ्यात तिनं पत्ता वाचला. आकड्या-अक्षरांच्या सहा जोड्या. तिसरीपर्यंत आली आणि पुढच्या तीन तिला न बघताच आठवल्या.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती याच खोलीत अभ्यासाला येऊन बसायची. बाबांनी तिचा लॅपटॉप पालथा करून खालच्या पट्टीवरचे हे आकडे तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतले होते. तो लॅपटॉप भंगारात जाऊन आठ वर्षं झाली. त्यानंतर ती या खोलीत एकदाही आली नव्हती. आणि हा स्विच तर गेल्या वर्षी बसवलेला.

तिनं बाकीचे पोर्ट पाहिले. चोवीसच्या चोवीस भरलेले; नव्या मशीनला दुसरी जागा नव्हती. एका पोर्टला एकच मशीन, हा नियमही बाबांचाच.

फोन पुन्हा वाजला. मॅडमनी तो घेतला, "दोन मिनिटं, सिस्टर," म्हणाल्या आणि तिच्याकडे पाहत राहिल्या.

तिनं ती ओळ काढली आणि पोर्ट सुरू केला.

दिवा हिरवा झाला आणि तसाच राहिला. मशीन घरघरलं, नमुन्याची नळी आत ओढली गेली. यादीत सतरा नंबरपुढे नवा पत्ता येऊन बसला होता. स्विचनं तो आपला आपण शिकून घेतला होता.

"कोणाचं होतं मग?"

"एक जुना लॅपटॉप. आता नाहीये तो."

मॅडमनी सुस्कारा सोडला. आता त्यांचा आवाज बराच मऊ झाला होता.

"एवढंच होतं होय," त्या म्हणाल्या. "नवा स्विच बसवला तेव्हा त्यांनी आमच्याकडून एकेक जुनं मशीन तपासून यादीतून काढून टाकलं होतं. रिटायर झालेल्या डॉक्टरांचंसुद्धा ठेवलं नाही. मग हेच कसं राहिलं त्यांच्याकडून?"