पटावरची बावीस

"विसाला एक जरी पोर कमी भरलं, तरी आजच शाळेला कुलूप," जीपमधून उतरतानाच शिक्षण खात्याचे एकनायक साहेब म्हणाले. सिंहलीत.

"मोजा की!" पुष्पराणी टीचर म्हणाल्या. त्यांची सिंहली आठवडी बाजारात घासाघीस करून शिकलेली. "कुलूप बरं आठवणीनं आणलंत. तमिळ समजणारा माणूस तेवढा विसरलात."

साहेबांनी न ऐकल्यासारखं केलं. सिंहली-तमिळ अशी पंचवीस वर्षं लढाई करून झाली, पण तमिळ शाळा तपासायला तमिळ कळणारा एक माणूस या खात्याला सापडत नव्हता. तपासणीची नोटीससुद्धा सिंहलीतच आलेली. टीचरांनी ती दुसऱ्याकडून वाचून घेतली होती. ही शाळा गेली की पुढची तमिळ शाळा चौदा किलोमीटरवर. पोरी तर घरीच बसणार.

पांढऱ्या गणवेशातली बावीस पोरं उभी राहिली. साहेबांनी दोनदा मोजली.

"कविता होऊ दे."

पुढच्यांनी खणखणीत म्हटली, मागचे पुटपुटले. साहेबांना सगळं सारखंच. त्यांनी मागच्या एका पोरीला विचारलं, "नाव काय गं तुझं?"

पोरीनं तोंड उघडलं. टीचर कडाडल्या, "तिला काय विचारता? तुमची भाषा तिनं कुठून शिकायची? शिक्षक दिलात कधी?"

साहेब ओशाळले. बावीस लिहून त्यांनी सही ठोकली.

"आता तलावापलीकडची सिंहली शाळा. तिथंही हाच नियम. गुणपाल हेडमास्तर कसे आहेत?"

"त्या माणसाचं नाव काढू नका! दर उन्हाळ्यात आमचं पाणी अडवतं त्यांचं गाव. टाका कुलूप, खुशाल टाका!"

"एवढा राग बरा नव्हे, टीचर. एकाच देशातली माणसं आपण."

"हो का? हे त्या नोटिशीत तमिळमध्ये लिहून पाठवा एकदा."

साहेब जीपमध्ये बसले. तलावाला वळसा घालून रस्ता नऊ किलोमीटर, तोही खड्ड्यांचा. बांधावरून चालत गेलं तर दहा मिनिटं.

जीप वळणाआड गेली तशी टीचरांनी पदर ओला केला आणि एकेका पोराच्या कपाळावरची विभूती खसाखसा पुसायला घेतली.

"पळा रे! साहेबाच्या आधी गुणपाल सरांच्या वर्गात जाऊन बसायचंय. आणि तिथं आपल्या तमिळ पोरांनी तोंडं शिवायची. आता बोलतील ती सरांची सिंहली पोरं!"