एकोणतीसचा पाढा

“असं नाही, सहज उभे राहा,” ताईने दरडावलं आणि कुणी सहज उभं राहण्याची उरलीसुरली आशाही संपली.

महिनाभर तिने या फोटोंचा घाट घातला होता. कपडे फिकट निळे आणि पांढरे, पण एकसारखे नकोत, नाहीतर बँडपथक वाटेल. सोफा खिडकीकडे. टीव्हीवर चादर. फोटोग्राफरला तिने फोनवर बजावलं होतं, की सगळं अगदी नैसर्गिक हवं. घरात माणसं बसतात, बोलतात, चहा पितात, तसं. अडचण एवढीच होती, की या घरात माणसं बोलत नव्हती.

थोरला भाऊ वरच्या मजल्यावर राहायचा, धाकटा खाली आईजवळ. वडील गेल्यावर थोरल्याने त्यांची जुनी स्कूटर कुणालाही न विचारता भंगारात दिली. तेव्हापासून दोघांत अबोला. निरोप सगळे आईमार्फत. “आई, त्याला सांग टाकी भरलीय, मोटर बंद कर.” “आई, त्याला म्हणावं गाडी पुढे घे.” आई गुडघ्यावर हात ठेवून जिना चढायची आणि उत्तर घेऊन उतरायची. एकदा ती जिन्यात मध्येच बसली आणि तिथूनच ताईला फोन करून म्हणाली, “मी गेल्यावर यांचे निरोप गं कोण पोचवणार?” ताईला रडूच आलं. फोटोंचं खूळ तिथून निघालं. निदान एका फोटोत तरी दोघे बोलताना दिसावेत, आईला बघायला.

उभे राहिले खरे. मध्ये खुर्चीत आई, दोन्ही बाजूंना दोघे आणि दोघांच्या नजरा दोन वेगळ्या भिंतींवर. ताईचा जीव वरखाली होत होता. ती पडदा ओढत होती, पुन्हा सोडत होती, उशा इकडच्या तिकडे करत होती. थोरल्याने घड्याळ पाहिलं. धाकट्याने मोबाइल काढला आणि ताईने डोळे वटारताच पुन्हा खिशात घातला. आणखी थोडा वेळ गेला असता तर दोघेही आपापल्या मजल्यावर निघून गेले असते.

फोटोग्राफर कॅमेऱ्यामागून बाहेर आला. अशी घरं त्याने पुष्कळ पाहिली असावीत. “एकमेकांकडे बघा आणि काहीतरी बोला,” तो म्हणाला. “फोटोत आवाज येत नाही. सुचत नसेल तर आळीपाळीने पाढा म्हणा. ओठ हलले की माझं काम झालं.”

“कितीचा?” धाकट्याने त्याला विचारलं.

“एकोणतीसचा,” आई म्हणाली.

लहानपणी याच पाढ्यापायी धाकट्याने मार खाल्ला होता. साताला तो हमखास अडायचा आणि थोरला पाठीमागून हळूच सांगायचा.

“एकोणतीस एके एकोणतीस,” थोरला खिडकीला म्हणाला.

“एकोणतीस दुणे अठ्ठावन्न,” धाकटा थोरल्याच्या शर्टाच्या बटणाला म्हणाला.

त्रिक झालं, चोक झालं. कॅमेरा वाजत होता. धाकट्याने सक एकशे चौऱ्याहत्तर म्हटलं आणि पाळी थोरल्यावर आली.

“एकोणतीस साते…”

तो थांबला. शाळेत गणित शिकवणारा माणूस कपाळाला आठ्या घालून छताकडे बघत राहिला. ताईने हातातली उशी घट्ट धरली. एवढंही धड होऊ नये, याचं तिला फार वाईट वाटलं.

धाकट्याची चुळबुळ सुरू झाली. या पायावरून त्या पायावर झालं, घसा खाकरून झाला. शेवटी सवयीप्रमाणे तो खाली वाकला. “आई, त्याला सांग, दोनशे तीन.”

आईने मानसुद्धा वळवली नाही. “मला हलायचं नाहीये, फोटो चाललाय. तूच सांग.”

धाकटा सरळ झाला आणि कितीतरी दिवसांनी त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं.

“दोनशे तीन, दादा.”

थोरला कधीचा त्याच्याकडेच बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

“येतं रे मला,” तो म्हणाला. “म्हटलं, तू सांगतोस का बघावं.”