बिननावाची जाहिरात

बुरुलायनं नोकरी मागायला आलेल्या पोराचा प्याला काठोकाठ भरला, आणि पोरगं काय ते समजलं. बिश्केकमध्ये वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही. माणूस हवासा असला की प्याल्यात दोन घोटच ओतायचे, म्हणजे तो पुन्हा मागतो, पुन्हा बसतो. भरून दिला की 'ऊठ' म्हणायला नको. पोरानं तोंड भाजत चहा संपवला, कोर्सचं सर्टिफिकेट बगलेत मारलं आणि जिना उतरून गेलं.

"हाही गेला का?" आतून सुयुनबेक बाइकेचा आवाज आला. कंपनी त्याची; सगळे त्याला बाइके, म्हणजे थोरला दादा, म्हणायचे. "तुझ्या जाहिरातीवर नुसती लेकरं येतायत, बुरुलाय. मला कामाचा गडी पाहिजे. या आठवड्यात दुसरा इंजिनिअर दाखवला नाही तर अल्माटीवाली बँक काम काढून घेणार. मग बसू दोघं बाजारात कांदे विकत."

"तुम्ही विका, बाइके. तुमचा आवाज मोठा आहे."

बोलली खरी, पण तिला बसवेना. खिडकी उघडली, गरम वारा आला, लावून टाकली. परत खुर्चीत टेकली, परत उठली. जाहिरात पुन्हा वाचली. आनंदी वातावरण, उत्साही मंडळी, चहा-बिस्किट फुकट. आता कसबी माणूस बिस्किटाला कशाला भुलतोय?

काचेपलीकडे एर्निस होता. बँकेची सगळी सिस्टिम या एकट्याच्या डोक्यात. एका हातात गार झालेला खिम्याचा सामसा, खांद्यानं कानाशी दाबलेला फोन, दुसरा हात कीबोर्डावर. घरचे सगळे घोड्या घेऊन वर कुरणात गेलेले, आणि हा अजून शहरात. गेल्या महिन्यात त्याच्या लेकीच्या पहिल्या पावलाचा सण होता. पोरीच्या पायातली दोरी कापायची, कात्री बापाच्या हातात, आणि फोन वाजला. कात्री मेव्हण्याकडं देऊन हा बाहेर जाऊन उभा राहिला. आत आला तेव्हा पोरगी चालत होती.

बुरुलाय त्याच्याकडं बघत बसली. मग जुनी जाहिरात पुसून टाकली आणि भराभरा लिहायला लागली.

'कोड जुना आहे, गुंता आहे, खोटं सांगत नाही. सोडवायला दोघं असाल. संध्याकाळी सहानंतर फोन तुमचा. उन्हाळ्यात कुरणावर जाल तेव्हा लॅपटॉप शहरात ठेवून जायचा. घरात सण असला तर इथून फोन येणार नाही. आलाच तर उचलू नका.'

बाइकेनं वाचलं, भुवई वर केली. "हे सगळं द्यायचं?"

"माणूस पाहिजे ना?"

"बरं, टाक. पण आपलं नाव नको घालू. आपल्याला अजून दुसरा माणूस सापडला नाही हे बँकेला कळलं तर संपलंच."

टाकली. मग तिचं पुन्हा सुरू झालं. चहा ठेव, फोन बघ, चहा गार, फोन बघ. जेवणाच्या सुट्टीनंतर एक उत्तर आलं. वाचता वाचता ती उभीच राहिली. माणूस अगदी पाहिजे तसा होता. बँकेचंच काम केलेला, एकट्यानं सगळं सांभाळणारा. खाली लिहिलं होतं, 'ते फोन न उचलण्याचं खरं आहे का? खरं असेल तर मी सोमवारी येतो.'

त्याच्या खाली नाव होतं. एर्निस.

तिनं काचेतून पाहिलं. तो पाठमोरा बसला होता. कान लाल झाले होते, चोरी करून आलेल्या पोरासारखे.

ती फोन घेऊन आत गेली. बाइकेनं वाचलं आणि खुर्चीत मागं रेलून हसला. "घ्या. आपण गावभर शोधतोय आणि हा पलीकडच्या खोलीत. उगाच घाबरलो. बँकेला सांगतो, आमचा एकच माणूस दोघांच्या बरोबरीचा आहे. जाहिरात काढून टाक."

"आणि त्यात लिहिलेलं?"

"ते बाहेरून येणाऱ्यासाठी होतं, बुरुलाय. हा तर आहेच की."

बाहेर येऊन तिनं जाहिरात काढली आणि किटली पुन्हा तापत ठेवली.

एर्निस चहाला आला, तसा रोजच यायचा. रोज ती त्याला दोन घोट ओतायची, तो प्यायचा, ती पुन्हा ओतायची. तेवढाच काय तो त्याचा विसावा.

"एजे," खाली बघतच तो म्हणाला; थोरल्या ताईला म्हणावं तसं तो तिला एजे म्हणायचा. "सोमवारी सुट्टी पाहिजे होती. थोडं काम आहे."

"त्या जाहिरातीचं?"

त्यानं मान वर केली.

"मी लिहिली ती," बुरुलाय म्हणाली. "तुझ्याकडं बघून लिहिली."

एर्निसच्या तोंडावर हसू फुटलं. "म्हणजे... ती आपलीच? मग बाइकेला सांगा ना, मी इथंच—"

"जाहिरात आपली, बाळा. तसली नोकरी आपल्याकडं नाही. आत्ता विचारून आले."

हसू तिथंच राहिलं. खिशातला फोन वाजायला लागला. आतून बाइके ओरडला, "एर्निस, बँक आहे, उचल."

बुरुलायनं त्याचा प्याला पुढं ओढला आणि ओतायला लागली. दोन घोट झाले, अर्धा झाला, तिचा हात काही थांबला नाही. फोन वाजत होता. एर्निस प्याल्याकडं बघत होता. चहा काठाला येऊन टेकला तेव्हा तिनं किटली खाली ठेवली.