मिठाचे स्कोन

मेव्हिसने आज स्कोनच्या, चहाबरोबरच्या त्या गोड छोट्या पावांच्या, पिठात साखरेऐवजी मीठ घातलं. चुकून नव्हे, मोजून. चांगले दोन मोठे चमचे.

जानेवारीतल्या तापात तिच्या नाकाचा वास गेला आणि वासाबरोबर जिभेची चवही गेली. हे ठाऊक होतं फक्त डॉक्टरांना. तेव्हापासून ती बावीस वर्षांच्या सवयीवर स्कोन भाजत होती आणि येईल त्या गिऱ्हाइकाला विचारत होती, कसे झालेत? जो तो म्हणायचा, "फारच छान!" मग टेबल आवरताना नॅपकिनखाली अर्धा स्कोन सापडायचा. परवा तर एक खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत पुरलेला निघाला. ईस्टर तोंडावर आला होता, इंग्लंडच्या ह्या डेव्हन परगण्यात पाहुण्यांची रीघ लागणार होती. हात बिघडला असेल तर त्याआधी हे चहाचं दुकान बंद करायचं, असं तिने ठरवलं होतं. पण बिघडलाय की नाही, हे कुणी सांगेल तर ना!

आज मीठ खाल्ल्यावर तरी बोलतील. न बोलून जातात कुठे?

खिडकीपाशी मिसेस लस्कम आणि त्यांची नणंद हिल्डा बसल्या होत्या, पायाशी त्यांचा कुत्रा. कोपऱ्यातल्या टेबलावर एकटे ब्लॅकमोर मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, दर गुरुवारी येणारे. मेव्हिसने चहाच्या किटल्या ठेवल्या, त्यांवर लोकरीच्या टोप्या चढवल्या. गरम स्कोन, घट्ट साय, स्ट्रॉबेरीचा जॅम मांडला. मग काउंटरमागे जाऊन ती पुसलेलाच कप पुन्हा पुसत उभी राहिली.

मिसेस लस्कमनी रीतीप्रमाणे आधी साय लावली, तिच्यावर जॅम ठेवला आणि मोठा घास घेतला. चावणं थांबलं. डोळ्यांत पाणी आलं. आणि मग बाईंनी तो गिळला हो, चक्क गिळला!

"कसा झालाय?" मेव्हिसने विचारलं.

"फारच छान!" त्या म्हणाल्या. "जरा चहा मिळेल का आणखी?"

हिल्डाने हळूच एक तुकडा टेबलाखाली सोडला. कुत्र्याने तो हुंगला, तोंड फिरवलं आणि सरळ दाराशी जाऊन बसला. अख्ख्या दुकानात खरं बोलणारा तेवढा एकच.

तिसरी किटली घेऊन गेली तेव्हा मेव्हिसला राहवेना. "मिसेस लस्कम, अहो, मनापासून सांगा ना. काही वेगळं लागतंय का?"

"छे गं! वेगळं कशाला लागेल? काय हिल्डा?"

"मी तर म्हणते, हवा किती छान पडलीय आज," हिल्डा म्हणाली. बाहेर पाऊस खिडक्या झोडपत होता.

मेव्हिसने किटली टेबलावर आदळली. "मीठ आहे त्यात! मीठ! साखरेचा कण नाही! मला वास येत नाही, चव कळत नाही. तीन महिने आंधळ्यासारखी भाजतेय मी, आणि तुमच्यातल्या एकाच्या तोंडून खरं निघत नाही. एवढं काय जड जातं हो तुम्हाला? मला वाईट वाटेल म्हणून? मग आत्ता काय मला बरं वाटतंय?"

हिल्डाचे कान लालबुंद झाले. मिसेस लस्कमनी नॅपकिनने ओठ टिपले.

"मीठ होतं? मला तर काही कळलंच नाही, बाई," त्या म्हणाल्या. "छानच झालेत." आणि आपला शब्द खरा करायला त्यांनी आणखी एक घास घेतला.

आता काय करायचं ह्या माणसांचं! समोर जी खुर्ची दिसली तीत मेव्हिस मटकन बसली. ते ब्लॅकमोर मास्तरांचं टेबल होतं. तिची नजर त्यांच्या बशीवर गेली. बशी रिकामी होती. दोन्ही स्कोन त्यांनी संपवले होते.

मास्तरांनी बायकांकडे चोरून पाहिलं, मग पुढे वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा हो. देवाशपथ रागावणार नाही. फक्त खरं सांगा."

मास्तरांनी घसा खाकरला. बशीतला चुरा बोटाने गोळा केला.

"मीठ आहे, हे तुम्ही सांगितल्यावर कळलं," ते म्हणाले. "मी आपला मनात म्हणत होतो, आज सुधारलेत."