चार काप

श्यामराव गुरुजींनी बशीतले पावाचे काप पुन्हा एकदा नीट लावले. दोन काप वाळून वाकडे झाले होते, ते त्यांनी खाली सरकवले आणि वर जाळीचे झाकण ठेवले. अंगणातल्या मांडवात शाळेचे टेबल आणले होते. टेबलावर धुतलेली चादर, तिच्यावर पाव, लोणी आणि नागपूरहून मागवलेली जॅमची बाटली. साहेबांच्या देशात निरोपाचा कार्यक्रम असा असतो, असे त्यांनी पुस्तकात वाचले होते.

स्वीडनची इंग्रिड आठ महिने त्यांच्या घरी राहिली. धानाला पाणी देणाऱ्या बोड्यांचा, म्हणजे गावोगावच्या लहान तळ्यांचा अभ्यास करायला तिच्या विद्यापीठाने तिला अड्याळला पाठवले होते. अभ्यास संपला. पाच वाजता जीप येणार होती.

या आठ महिन्यांत गुरुजींचा एकही शनिवार चुकला नव्हता. शाळा सुटली की ते एस.टी.ने भंडाऱ्याला जात आणि बेकरीतून दोन डबलरोट्या आणत. बेकरीवाला कालचा माल देतो हे त्यांना कळे, पण ताजा द्या म्हणायला जीभ रेटत नसे. इंग्रिड रोज सकाळी बोडीचे पाणी मोजायला निघाली की चार काप रुमालात बांधून नेई. रिकामा रुमाल परत आला की गुरुजींच्या जिवाला बरे वाटे.

त्यांच्या खिशात दोन पानी इंग्रजी भाषण होते. वर तारीख, १८ फेब्रुवारी १९७९. सात वेळा खोडून लिहिलेल्या त्या भाषणात त्यांना खरे तर एकच वाक्य म्हणायचे होते. आमच्या घरी तुला परके वाटले नाही ना?

स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला. आत त्यांच्या पत्नी देवकाबाई होत्या, शेजारची रुखमा होती आणि इंग्रिड होती.

"माय, मले अजून एक वडा दे ना वो," इंग्रिड म्हणत होती.

गुरुजी थबकले. त्यांच्याशी ती पुस्तकातले मराठी बोलायची, थांबून थांबून. हे बोलणे त्यांनी कधी ऐकले नव्हते. ते दाराशी गेले तसे हसणे थांबले.

"काही हवं का, गुरुजी?" तिने उठून विचारले.

"नाही. टेबल तयार आहे, म्हणून."

पंगत खाली बसली. इंग्रिडला टेबलाशी खुर्ची दिली होती. तिच्यासमोर गुरुजी बसले, पाहुणीला एकटे वाटू नये म्हणून. बोडीत जाळे टाकणारा गोमाजी सकाळीच मोठा रोहू घेऊन आला होता आणि आता गंज, म्हणजे रश्श्याचे मोठे पातेले, स्वतः हातात धरून वाढत होता. तो टेबलाजवळ आला.

"घ्या गुरुजी, चाखून पाहा. तुमच्याच डबलरोटीवर पोसला हाय गडी. रोज सकाळी पाळीवर, बोडीच्या काठी, माशायची पंगत बसे. आता उपाशी राहतीन बिचारे."

तो मोठ्याने हसला. रुखमाने पदर तोंडाशी नेला.

"गोमाजी, तुमी वाढा ना मुकाट्यानं," देवकाबाई घाईने म्हणाल्या.

गुरुजींनी इंग्रिडकडे पाहिले. ती कानापर्यंत लाल झाली होती.

"मग सकाळी तू खात काय होतीस?"

"पेज. मिरचीच्या ठेच्याबरोबर. तुम्ही आंघोळीला गेलात की, मायजवळ, चुलीपाशी." ती जरा थांबली. "मी पहिल्याच महिन्यात सांगणार होते, गुरुजी. त्या शनिवारी तुम्ही चिंब भिजून आलात. पावाची पिशवी शर्टाच्या आत धरली होती. मग मला सांगता आलं नाही."

गुरुजींनी मान हलवली. बशीवरची जाळी कोणी काढली नाही.

"गुरुजी, भासन होऊन जाऊ द्या आता," गोमाजी पंगतीतून म्हणाला.

गुरुजी उभे राहिले. हात खिशापर्यंत गेला आणि परत आला.

"पोचलीस की पत्र टाक," ते म्हणाले आणि बसले.

जीप वेळेवर आली. देवकाबाईंनी इंग्रिडची ओटी भरली. ती पाया पडायला वाकली आणि उठता उठता त्यांच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या, रुखमाही रडली. मग इंग्रिड गुरुजींसमोर आली. दोन हात अंतरावर थांबून तिने नमस्कार केला, पहिल्या दिवशी त्यांनी शिकवला होता अगदी तसा. गुरुजींनीही हात जोडले.

मांडव रिकामा झाल्यावर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"मला सांगायचं होतंस."

देवकाबाई रश्श्याचा गंज राखेने घासत होत्या. "काय सांगू? तुमी किती खुशीनं जात होते भंडाऱ्याले." राखेचा हात मध्येच थांबला. "अन् तुमाले चुलीपाशी यायले कोनं नाई म्हटलं होतं काय?"

गुरुजी मांडवात परत गेले. त्यांनी बशीतले चार काप रुमालात बांधले आणि चपला घातल्या.

बोडीवर ऊन कलले होते. इंग्रिड बसायची तो पाळीचा दगड त्यांना माहीत नव्हता, शोधावा लागला. ते बसले आणि त्यांची सावली पाण्यावर पडली. रुमालाची गाठ सुटायच्या आत मासोळ्या वर आल्या, दहा, वीस, दाटीवाटीने, तोंडे उघडून.

गुरुजींनी एक काप उचलला. आठ महिन्यांत तो पाव त्यांनी एकदाही चाखला नव्हता. त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात घातला. तो लवकर मऊ होईना. ते चावत राहिले, आणि खाली मासोळ्या वाट पाहत राहिल्या.