तीन बार

एर्विनचा पाय दोन दगडांच्या फटीत गेला आणि वरचा दगड जरा सरकून त्यावर बसला. आगंतुक पाहुणा बसतो तसा, उठायचं नाव नाही. पाय मोडला नव्हता. निघतही नव्हता. पेनसिल्व्हेनियाच्या त्या उतारावर दगडांना तोटा नाही. नाताळ होऊन गेलेला, ऊन कललेलं. रात्र इथे काढली, तर सकाळी दगडांत एकाची भर पडणार होती.

हाक मारावी की नाही, याचा त्याने आधी विचार केला. लेकीने, डोरीनने, निघतानाच बजावलं होतं, "बाबा, एकदा पडलात की शिकार बंद. कायमची." मग पायाची बोटं बधिर झाली, तेव्हा त्याने हाक मारली. वारा खालून वर वाहत होता. खाली शिकाऱ्यांच्या कॅम्पमधलं हसणं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं. त्याची हाक त्याच्याच तोंडावर येऊन पडत होती.

संकटात लागोपाठ तीन बार काढायचे, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पण या हंगामात परवानगी असते ती चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीला, आणि तिच्याकडून लागोपाठ काहीच होत नाही.

पहिला बार त्याने समोरच्या कुजक्या ओंडक्यात काढला आणि थांबला. नळीत एखादी ठिणगी जिवंत असली आणि वरून दारू पडली, तर हात जातो. अशा वेळी एर्विन प्रभूची प्रार्थना म्हणायचा, सावकाश, आमेनसकट. आज घाईपायी त्याला त्यातली 'रोजची भाकर आज आम्हाला दे' ही ओळ गाळावीशी वाटली. गाळली नाही. मग दस्ता दगडांत टेकवला, नळीचं तोंड स्वतःपासून लांब धरलं. दारू कमरेच्या पोकळ शिंगातून मापात, मापातून नळीत. चिंधीत बसवलेली गोळी. ठासायचा गज अगदी खुणेपर्यंत. गज बाहेर काढून जागेवर. रंजक, म्हणजे चकमकीखालची पेट देणारी चिमूटभर दारू, सगळ्यात शेवटी.

दुसरा बार.

खालून त्याच्या मेव्हण्याचा, लामारचा, आवाज आला, "दाजी, हरीण उभं राहून कंटाळलं असेल हो! बसायला तरी सांगा त्याला!"

सगळा कॅम्प हसला. उठलं कोणीच नाही.

एर्विनने पुन्हा प्रार्थना धरली. 'आमचे अपराध क्षमा कर'पाशी त्याला लामार आठवला, म्हणून तेवढं वाक्य जरा भरभर म्हटलं. पुन्हा माप, पुन्हा गोळी, पुन्हा गज. इतक्या सवडीने मदत मागणारा माणूस त्या डोंगराने पाहिला नसेल.

तिसरा बार.

या वेळी खाली कोणी हसलं नाही. थोड्या वेळाने दगडांवर बुटांचा आवाज आला. लामार धापा टाकत वर आला, तो हातात उघडा चाकू घेऊन. नेम चुकणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं आणि कॅम्पच्या तुळईला खिळ्याने ठोकायचं, ही आमची रीत. एरवी जेवणानंतर कापतात.

"तीन, दाजी! तीन! मला तर दम निघेना..."

मग त्याला पाय दिसला.

"पडलात?"

एर्विनने त्याच्याकडे पाहिलं. डोरीन रोज संध्याकाळी मामाला फोन करायची.

"कोण पडलं? चुकलो." त्याने कोटाची बटणं काढली, शर्ट ओढून बाहेर काढला आणि त्याचं मागचं टोक पुढे धरलं. "तीनदा. काप."

लामारने पुन्हा एकदा अडकलेल्या पायाकडे पाहिलं. मग त्याने टोक हातात घेतलं आणि कापलं. नीट, तीन पट्ट्या. त्या घडी करून खिशात ठेवल्या, चाकू मिटला आणि दगडाला खांदा लावला.

"पुढच्या वर्षी," तो दगड रेटत म्हणाला, "शर्ट जास्तीचे आणा."